इंजिन नवीन बांधलं, तरी ऑइल प्रेशर कमी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ट्रकचं इंजिन उतरवलं, क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरता शाफ्ट) ग्राइंड केला, लायनर-पिस्टन-बेअरिंग सगळं नवीन टाकून बांधलं. पहिल्या स्टार्टला ऑइल प्रेशरचा काटा झोकात वर गेला आणि इंजिन तापल्यावर आयडलिंगला पार तळाशी येऊन बसला. अशा वेळी जे प्रश्न हमखास येतात ते इथे घेतले आहेत. आकडे नेहमीच्या सहा सिलिंडरच्या डिझेल इंजिनांना धरून आहेत. तुमच्या इंजिनाचं मॅन्युअल वेगळं सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐका.

प्रेशर नेमकं किती असायला हवं?

एकच आकडा सगळ्या इंजिनांना लागू होत नाही. अंदाज यावा म्हणून एक उदाहरण घ्या. कमिन्सच्या ५.९ लिटरच्या बी सीरिज इंजिनाला गरम असताना आयडलिंगला किमान ०.७ बार, म्हणजे साधारण १० पीएसआय, आणि रेटेड आरपीएमला (कंपनीने ठरवलेल्या पूर्ण ताकदीच्या वेगाला) किमान २.१ बार, म्हणजे ३० पीएसआय लागतं. हे किमान आकडे आहेत. धडधाकट इंजिन त्याच्या बरंच वर चालतं, आणि नुकतंच बांधलेलं इंजिन जेमतेम किमान गाठत असेल तर मी तरी ते पास करणार नाही. 'दर हजार आरपीएमला १० पीएसआय' हा ऐकीव नियम मुळात पेट्रोल इंजिनवाल्यांचा. डिझेलला तो ढोबळ म्हणून ठीक, पण त्यावरून भांडू नका.

१ बार म्हणजे १४.५ पीएसआय. जुन्या मीटरवर किलो प्रति चौरस सेंटिमीटर लिहिलेलं असतं, तो आकडा बारच्या इतका जवळ असतो की कामापुरतं एकच समजा.

काटा खरं बोलतोय कशावरून?

बऱ्याचदा बोलत नसतो, म्हणून पहिलं काम हेच. डॅशबोर्डवरचा मीटर आणि इंजिनावरचा सेंडर (प्रेशर मोजून मीटरला कळवणारा भाग) ही जोडी जुळलेली असावी लागते. इंजिन बांधताना सेंडर बदलला आणि तो दुसऱ्याच मीटरचा निघाला, तर काटा चुकीचंच दाखवणार. दुसरी भानगड टेफलॉन टेपची. एका वायरचा सेंडर आपली अर्थिंग आट्यांमधून इंजिन ब्लॉककडून घेतो. गळू नये म्हणून त्यावर चार वेढे टेप मारली की अर्थिंग तुटते किंवा कच्ची होते, आणि मग काटा लहरीप्रमाणे फिरतो.

सेंडर काढा, त्या जागी नळीवाला साधा मेकॅनिकल गेज बसवा. ० ते ७ बारचा असला तरी पुरे. इंजिन नीट तापू द्या. पाणी तापलं म्हणजे ऑइल तापलं असं होत नाही, ऑइल पाण्याच्या बरंच मागून गरम होतं. मग तीन आकडे वहीत टिपा: आयडलिंगला, १,२०० ते १,५०० आरपीएमला आणि रेटेड आरपीएमला. शेजारी ऑइलचं तापमान लिहा. तापमान न लिहिलेला प्रेशरचा आकडा मला कुणी फोनवर सांगितला, तर त्यावरून मी काहीच सांगू शकत नाही.

गेज कुठे लावलाय तेही लिहून ठेवा. फिल्टरच्या आधी लावला तर तुंबलेला फिल्टरसुद्धा छान प्रेशर दाखवेल. बेअरिंगला काय पोचतंय ते कळायला गेज मेन गॅलरीवर, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या मुख्य वाटेवर हवा.

लाल दिवा लागत नाही. म्हणजे सगळं ठीक ना?

नाही. तो दिवा पेटवणारा स्विच साधारण ०.३ ते ०.५ बारला काम करतो. दिवा लागेपर्यंत बेअरिंगची वाट लागायला सुरुवात झालेली असते.

थंड असताना साडेचार बार, गरम झालं की आयडलिंगला अर्धा बार. एवढा फरक का?

कारण पंप प्रेशर तयार करत नाही. पंप फक्त ऑइल पुढे ढकलतो. ते ऑइल बेअरिंगच्या फटींतून निसटताना जो अडथळा होतो, त्याला आपण प्रेशर म्हणतो. पाण्याच्या पाइपचं तोंड अंगठ्याने दाबलं की जे होतं तेच. आता १५डब्ल्यू-४० ऑइल ४० अंशांना जेवढं घट्ट असतं, त्याच्या सात-आठपट पातळ ते १०० अंशांना होतं. थंड इंजिनात दाट ऑइल मोठ्या फटीतूनही सावकाश सरकतं, त्यामुळे फट लपून जाते. गरम झाल्यावर फट उघडी पडते.

आकड्यांवरून रोग ओळखायची सुरुवात इथूनच होते. थंड असताना उत्तम आणि गरम आयडलिंगला मेलेलं, पण रेस वाढवली की प्रेशर चढतं: फटी मोठ्या आहेत किंवा ऑइल पातळ झालंय. थंड-गरम, आयडल-रेस, सगळीकडेच कमी: पंप, रिलीफ व्हॉल्व्ह (प्रेशर हद्दीबाहेर गेलं की उघडणारा) किंवा कुठेतरी मोठं भोक उघडं राहिलंय. आयडलिंगला बरं, पण रेस वाढवल्यावर काटा थरथरतो किंवा उलटा खाली येतो: पंपाला ऑइल ओढायला मिळत नाही किंवा ऑइलबरोबर हवा जातेय. काल बरं होतं आणि आज अचानक गेलं: स्प्रिंग तुटली, प्लग उडाला किंवा पंपाचा ड्राइव्ह गेला.

मग सरळ ऑइल पंप बदलून टाकू का?

निदान आधी तपासून बघा. इंजिन नवीन बांधताना जुना पंप धुऊन परत बसवला असेल तर शंका रास्त आहे. कव्हर काढा, आतल्या बाजूला गिअरने गोल खाच पाडली असेल तर नख लागून कळते. गिअरच्या तोंडावर सरळपट्टी ठेवून फिलर गेजने फट मोजा आणि मॅन्युअलशी ताडून बघा. आणखी एक गोष्ट सहसा कुणी बघत नाही. एकाच इंजिनाच्या दोन प्रकारांना दिसायला सारखे, पण वेगळ्या दातांच्या गिअरचे पंप असू शकतात. काढलेल्या आणि घातलेल्या पंपाचे दात शेजारी ठेवून मोजा. दोन मिनिटांचं काम आहे.

पण फटीच मोठ्या असतील तर नवा पंप थोडे दिवस दिलासा देईल, एवढंच.

बेअरिंग तर सगळी नवीन आहेत. मग फट कशी मोठी राहील?

नवीन बेअरिंग म्हणजे बरोबर फट, हा सगळ्यात महाग पडणारा समज. फट बेअरिंग एकटं ठरवत नाही. क्रँकचा जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग), बेअरिंगच्या जाडीचं माप आणि कॅप (बेअरिंगला धरणारं झाकण) टाइट केल्यावर होणारं भोक, या तिघांतून ती ठरते. क्रँक वीस थाऊ ग्राइंड केला म्हणजे वीस साइजचं बेअरिंग बसतं, हे खरं. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण २५ मायक्रॉन.) पण ग्राइंडिंगवाल्याने एक थाऊ जास्त घासला तर? बॉक्सवर वीस, क्रँकच्या पावतीवरही वीस, आणि प्रत्यक्षात जर्नल एकवीसवर.

एका थाऊने काय होतं विचाराल, तर गणित बघा. ऑइलची गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट ०.०६ मिलिमीटरऐवजी ०.०९ झाली, म्हणजे दीडपट झाली, की गळती सव्वातीनपटीच्या वर जाते. फट दुप्पट झाली तर गळती आठपट. सहा सिलिंडरला सात मेन (क्रँकला ब्लॉकमध्ये धरणारी) आणि सहा बिग एंड (कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकातली), मिळून तेरा बेअरिंग. कॅम-रॉकर क्षणभर बाजूला ठेवा आणि प्रत्येक बेअरिंग एक भाग ऑइल सोडतं असं धरा. त्यातल्या एकाचीच फट दुप्पट असेल तर एकूण गळती तेरावरून वीस भागांवर जाते, आणि गरम आयडलिंगचं प्रेशर जवळजवळ एक तृतीयांशाने पडतं. बारा बेअरिंग अचूक असून काय उपयोग.

म्हणून जर्नल मायक्रोमीटरने दोन ठिकाणी आणि दोन दिशांना मोजायचा: टेपर (एका टोकाला जाड, दुसऱ्याला बारीक) कळतो, अंडाकृती झालाय का ते कळतं. कनेक्टिंग रॉडचं मोठं भोक बेअरिंग न टाकता, कॅप टॉर्क करून (ठरलेल्या जोराने टाइट करून) मोजायचं. आणि कॅपचे नंबर बघा. तीन नंबरची कॅप चारवर गेली, दोन्ही बोल्ट व्यवस्थित टाइट झाले, तरी भोक गोल राहत नाही. मेन कॅप उलटी बसली तरी तेच.

इतकी मोजमापाची हत्यारं नाहीत. प्लास्टीगेजने भागेल?

बऱ्यापैकी भागेल, नीट वापरलं तर. प्लास्टीगेज म्हणजे मेणासारख्या मऊ प्लास्टिकचा बारीक धागा. जर्नल आणि बेअरिंग दोन्ही कोरडे पुसा, ऑइलचा थेंबही नको. धाग्याचा तुकडा जर्नलवर लांबीच्या दिशेने, ऑइलच्या भोकापासून दूर ठेवा. कॅप बसवून पूर्ण टॉर्क द्या. इथे क्रँक जरासुद्धा हलला की धागा पुसटतो आणि सगळं पहिल्यापासून. कॅप काढल्यावर धागा चपटा होऊन पट्टी झालेली दिसेल. पाकिटावरच्या मापाशी तिची रुंदी जुळवा: पट्टी जितकी रुंद तितकी फट कमी. पट्टी एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला अरुंद असेल तर जर्नलला टेपर आहे.

इंजिन गाडीवरच असेल आणि खालून काम करत असाल, तर क्रँकचं वजन खालच्या बेअरिंगवर येतं आणि मेनची फट चुकून कमी दिसते. शेजारच्या कॅपमधून क्रँक वर उचलून धरल्याशिवाय त्या मापाला अर्थ नाही.

रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली दोन वॉशर टाकले की प्रेशर वाढतं म्हणतात.

थंड इंजिनात, जास्त रेसवर वाढतं. तुमची तक्रार गरम आयडलिंगची आहे, आणि त्या वेळी रिलीफ व्हॉल्व्ह तसाही बंद असतो. तो उघडतो प्रेशर ठरलेल्या हद्दीच्या वर गेलं की. बंद दाराला आणखी एक कडी लावून घरातलं पाणी वाढत नाही.

व्हॉल्व्ह तपासायचा तो वेगळ्या कारणासाठी. बांधताना आत राहिलेला धातूचा कण पिस्टन आणि सीटच्या मध्ये अडकला की व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहतो, आणि मग सगळ्याच आरपीएमला प्रेशर कमी. पिस्टन बोटाने ढकलून स्वतःच्या वजनाने सरकतो का बघा, अंगावर ओरखडे आहेत का बघा, स्प्रिंगची उंची मोजा. काही इंजिनांत हा व्हॉल्व्ह पंपात असतो, काहींत कूलरच्या हाउसिंगमध्ये. कूलर सर्व्हिस करताना तो काढून परत बसवला नाही असंही होतं.

रेस वाढवली की काटा थरथरतो. कुठे बघू?

सक्शनकडे: चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी), जाळी आणि जाळीपासून पंपापर्यंतचा पाइप. पाइपच्या फ्लँजखालचं पॅकिंग किंवा ओ-रिंग नीट बसली नसेल तर पंप ऑइलबरोबर हवा ओढतो. तडा गेलेला पाइपही तेच करतो. ओळखायची एक युक्ती आहे. लेव्हलच्या वर एखादा लिटर ऑइल तात्पुरतं जास्त घाला. हवा ओढणारा सांधा ऑइलखाली बुडाला की काटा शांत होतो. खूण पटली की ते जास्तीचं ऑइल लगेच काढा. तसंच चालवलं तर क्रँक ऑइलमध्ये आपटून फेस करतो आणि नवीनच दुखणं मागे लागतं.

डिपस्टिकही तपासा. दुसऱ्या मॉडेलचं चेंबर किंवा दुसरी डिपस्टिक लागली असेल तर 'फुल' खूण खोटी असते.

आता माझ्याच हातची चूक सांगतो. बांधून दिलेलं एक इंजिन दहा दिवसांत परत आलं. गरम असो वा थंड, १,८०० आरपीएमच्या वर काटा खाली यायचा. पंप, व्हॉल्व्ह सगळं चोख. चेंबर उतरवलं तर जाळीवर शेवयांसारखे सिलिकॉनचे तुकडे चिकटलेले, अर्ध्याहून जास्त जाळी बंद. चेंबरच्या पॅकिंगला गळू नये म्हणून मीच दोन्ही बाजूंनी ओठासारखी जाड पट्टी मारली होती. बाहेर जेवढं सिलिकॉन दाबून आलेलं दिसतं तेवढंच आतही आलेलं असतं, आणि आतलं ऑइलने सुटतं. तेव्हापासून सिलिकॉनची पट्टी काडीएवढीच, तीही पॅकिंगच्या सांध्यांपुरती.

इंजिन बांधताना काय विसरलं तर प्रेशर जातं?

गॅलरीचे प्लग पहिल्या नंबरवर. ब्लॉक केमिकलमध्ये धुवायला हे प्लग काढावेच लागतात, आणि टायमिंग कव्हरच्या मागचा एखादा परत लावायचा राहतो. बाहेर थेंब गळत नाही, ऑइल आतल्या आत चेंबरमध्ये पडतं, म्हणून कुणाला संशय येत नाही.

पिस्टनला खालून ऑइल मारणारे नोझल दुसरे. एक बसवायचा राहिला, बसवताना मोडला किंवा मोठ्या भोकाचा लागला, तर गॅलरीला तेवढी तोटी उघडी.

कॅम बुश (कॅमशाफ्ट ज्यात फिरतो ती बेअरिंग) हा माझा लाडका संशयित. क्रँकवर एवढा खर्च होतो आणि कॅम बुशांकडे 'ठीक दिसतात' म्हणून काणाडोळा होतो. मेन, बिग एंड मापात असून गरम आयडलिंगला प्रेशर बसत असेल तर कॅम बुश मोजा. नवीन बुश ठोकताना ऑइलचं भोक ब्लॉकच्या भोकासमोर आलंय का, तेही बघा. रॉकर शाफ्टच्या टोकाचे प्लग आणि रॉकरचे झिजलेले बुश यांचा हिस्सा लहान, पण असतो.

जाड ऑइल घातलं तर?

काटा वर येईल. रोग तसाच राहील. ४० ग्रेडचं ऑइल १०० अंशांना १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक्समध्ये (ऑइलच्या घट्टपणाचं एकक) असतं, ५० ग्रेडचं १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे साधारणपणे अडथळा पाव-तृतीयांश वाढतो, आणि त्या बदल्यात थंड स्टार्टला टर्बो आणि रॉकरपर्यंत ऑइल पोचायला उशीर लागतो. मॅन्युअलमध्ये तुमच्या हवामानासाठी ५० ग्रेड दिलं असेल तर खुशाल वापरा. दुखणं झाकायला नको. बाटलीतल्या 'प्रेशर वाढवणाऱ्या' औषधांचंही तेच.

ऑइलची लेव्हल वाढत चाललीय, हा शुभशकुन समजू का?

मुळीच नाही. ऑइलमध्ये डिझेल किंवा पाणी मिसळतंय. गळका इंजेक्टर, फ्युएल पंपाच्या शाफ्टचं सील, फीड पंपाचा फाटलेला डायफ्रॅम, यातलं काहीही असू शकतं. १५ लिटरच्या चेंबरमध्ये पाऊण लिटर डिझेल गेलं तरी ऑइल एक ग्रेड खाली उतरू शकतं. डिपस्टिक हुंगून बघा. दुधाळ दिसत असेल तर पाणी: लायनरच्या ओ-रिंग, कूलर, हेड गॅसकेट या क्रमाने बघा. हे आधी निस्तरा, ऑइल-फिल्टर बदला आणि मगच प्रेशर पुन्हा मोजा. पातळ झालेल्या ऑइलवर केलेलं निदान टिकत नाही.

रनिंग-इन झाल्यावर प्रेशर आपोआप वाढेल असं मिस्त्री म्हणतात.

रिंगा लायनरला बसतात, त्यासाठी रनिंग-इन. बेअरिंगची फट वापराने फक्त मोठीच होते. पहिल्या दिवशी कमी असलेलं प्रेशर शंभराव्या दिवशी जास्त होणार नाही.

फिल्टर कापून बघण्यात काय मिळतं?

पुष्कळ. हॅकसॉने कापू नका, करवतीचाच भुसा आत पडतो. फिल्टर कटर वापरा. आतला कागद उलगडा, व्हाइसमध्ये दाबून ऑइल काढा आणि उन्हात धरा. चुंबकाला चिकटतं ते लोखंड. न चिकटणारे चंदेरी कण बेअरिंगच्या थराचे किंवा पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतला तांब्याचा थर उघडा पडलाय, किंवा एखादा बुश झिजतोय. पहिल्या तासांत थोडी चकाकी चालते. मूठभर तांबूस चुरा दिसला तर गाडी पुन्हा स्टार्ट करू नका.

चेंबर काढलंय. नेमकं कोणतं बेअरिंग जास्त सोडतंय ते कळेल का?

याहून चांगली परीक्षा मला माहीत नाही. घट्ट झाकणाच्या टाकीत कोमट, पातळ ऑइल भरा, वरून कॉम्प्रेसरची हवा द्या आणि नळीने दोन-अडीच बारला मेन गॅलरीत सोडा. टाकी त्या प्रेशरसाठीच बनवलेली हवी, रंगाचा डबा नको. आता खाली झोपून टॉर्चने बघा. प्रत्येक बेअरिंगच्या कडेने थेंब पडतात, ते बरोबर आहे. जिथून थेंबांऐवजी धार लागलीय तो तुमचा चोर. क्रँक हाताने हळू फिरवत राहा, कारण क्रँकचं भोक बेअरिंगच्या भोकासमोर आलं की चांगलं बेअरिंगही क्षणभर जास्त सोडतं. एका पूर्ण फेऱ्यात कायम धार दिली तर ते धरा. ब्लॉकच्या पुढच्या टोकाकडून, कव्हरच्या आतून पाझर येत असेल तर विसरलेला प्लग सापडला.

प्रेशर उत्तम होतं, तरी एक बेअरिंग जळलं. असं कसं?

मेन बेअरिंगचे वरचे-खालचे शेल (बेअरिंगचे अर्धे भाग) अदलाबदल झाले असतील. भोक असलेला शेल ब्लॉकच्या बाजूला हवा. बिनभोकाचा तिथे गेला तर त्या जर्नलला ऑइल पोचतच नाही, आणि गळती कमी झाल्याने काटा उलट थोडा वरच राहतो. ग्राइंडिंगनंतर क्रँकच्या भोकात राहिलेली एमरीची पूडही हेच करते. क्रँकचे प्लग काढून, लांब ब्रश घालून धुतल्याशिवाय तो बांधू नये.

कामाची घाई आहे. आठवडाभर अशीच चालवली तर?

ठोका येत असेल तर जागच्या जागी बंद करा. ठोका नसेल, पण मेकॅनिकल गेजवर गरम आयडलिंग मॅन्युअलच्या किमानाखाली असेल, तरी लोड घेऊन निघू नका. आज बेअरिंग आणि मजुरी जाईल. आठवड्याने क्रँक जाईल, आणि एकदा चाळीस साइजला गेलेला क्रँक बहुतेक वेळा पुन्हा ग्राइंड होत नाही.

दुरुस्त करून पुन्हा बांधलं. स्टार्ट करण्याआधी काय?

पंपाच्या गिअरमध्ये पेट्रोलियम जेली किंवा ऑइल भरून बसवा, फिल्टर ऑइलने भरा, टर्बोच्या ऑइल इनलेटमध्ये थोडं ओता. मेकॅनिकल गेज लावलेलाच ठेवा. डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारा, एका वेळी ३० सेकंदांपेक्षा जास्त नको, मध्ये दोन मिनिटं थांबा. गेज हलला की मगच डिझेल सोडा. तीन-चार वेळा मारूनही काटा हलला नाही तर पंपाने ऑइल धरलेलं नाही, पाचव्यांदा मारू नका, सक्शनचा सांधा खोला.